पाण्याचे ओझे कोणाच्या पाठीवर? मोटेपासून बॅटरीच्या पंपापर्यंत

नागपूरचा वर्धा रोड आता काचेचा झाला आहे. रुग्णालये, बँका, मॉल, हॉटेले, मिहानमधली कार्यालये, जिकडे पाहावे तिकडे काच. उद्घाटनाच्या दिवशी ती चकाकते. दुसऱ्या दिवशी धूळ बसते, पावसाळ्यात चिखलाचे ओघळ येतात. ही काच धुणार कोण आणि कशाने, हा प्रश्न इमारतीच्या नकाशात नसतो. तो नंतर साफसफाईच्या कंत्राटात येतो. तिथे माणसे किती आणि पैसे किती एवढेच लिहिलेले असते. हत्यार कोणते, ओझे किती, शिडी कशी, याबद्दल बहुधा एक ओळही नसते.

उंच काच धुण्यासाठी पाठीवर अडकवायचे पाण्याचे यंत्र घरीही बनवता येते. टाकी, छोटा पंप, बॅटरी, नळी आणि लांब काठीच्या टोकाला ब्रश, एवढाच त्याचा पसारा. ते कसे बनते हे पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. पाणी पाठीवरच का घ्यायचे? वरवर पाहता हा मिस्त्रीचा प्रश्न वाटतो. खरे तर तो इतिहासाचा प्रश्न आहे.

विहिरीवरच्या मोटेपासून सुरुवात करू. नागपूर, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागा एकेकाळी मोटेच्या पाण्यावर जगल्या. इंजिन आणि विजेचा पंप येण्याआधी विहिरीचे पाणी वर काढायचे हेच साधन होते. मोट चामड्याची. ते चामडे आले कुठून? मेलेले जनावर गावाबाहेर ओढायचे ते महारांनी. कातडे कमवायचे ते ढोरांनी. शिवायचे ते चांभारांनी. मोट ओढणारा नाडा वळायचा तो मांगांनी. बैल धावेवरून खाली उतरले की मोट थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाटाने पाणी मळ्यात जायचे. त्या पाण्यावर वाढलेले धान्य, भाजी, संत्री सगळ्या गावाने खाल्ली. देवापुढेही तेच ठेवले.

म्हणजे ज्या चार जातींच्या हातांनी ही पाण्याची यंत्रणा उभी केली, त्यांचे चामडे विहिरीत बुडलेले चालत होते, त्यांचा दोर चालत होता. मात्र त्याच माणसाने त्याच विहिरीत स्वतःचे मडके सोडले तर विहीर बाटत होती! हा विटाळ पाण्याला होत नव्हता. पाण्याला विटाळ झाला असता तर मोटेनेच झाला असता. विटाळ होता तो हक्काला. वस्तू द्या, श्रम द्या, मात्र पाण्यावर मालकी सांगू नका, असा तो नियम होता.

मोटेची धाकटी भावंडे म्हणजे पखाल आणि मशक. पखाल मोठी, ती बैलाच्या किंवा रेड्याच्या पाठीवर लादायची. मशक बकऱ्याच्या कातड्याची, ती माणसाच्या पाठीवर. हे काम करणारे भिस्ती आणि पखाली बहुतेक मुसलमान समाजातले. इंग्रजांच्या पलटणींत भिस्ती हे ठरलेले पद असे. धुळीचे रस्ते शिंपडायचे, साहेबाच्या बंगल्यावर पाणी भरायचे, कूच करणाऱ्या पलटणीमागे पाणी वाहायचे. पुढे शहरांत नळ आले आणि भिस्ती हळूहळू दिसेनासा झाला. पाण्याला रस्ता मिळाला की माणसाच्या पाठीची गरज राहत नाही, ही साधी गोष्ट नळाने दाखवून दिली.

पण ज्याच्यापर्यंत नळच पोहोचू दिला जात नव्हता त्याचे काय? बाबासाहेबांनी शाळेतल्या दिवसांबद्दल लिहून ठेवले आहे की नळाला त्यांना हात लावता येत नसे. शिपायाने तोटी फिरवली तर पाणी, शिपाई नसला तर तहान. नळ हे त्या काळातले आधुनिक यंत्र. पण त्याची तोटी जातीच्या हातात होती. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, तोटी कोणाच्या हातात हा होता. त्यावर दगडधोंडे पडले, तळ्याची ‘शुद्धी’ झाली, खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने यायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. तळ्यापासून ओंजळीपर्यंत पाणी यायला दहा वर्षे लागली.

आता पाठीवरच्या पंपाकडे येऊ. पाठीवरचा फवारणी पंप मूळचा फ्रान्समधला. तिथे १८८५ च्या सुमारास द्राक्षवेलींच्या रोगावर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण निघाले, त्यालाच आपण बोर्डो मिश्रण म्हणतो. ते वेलींवर उडवण्यासाठी व्हेर्मोरेल या कारखानदाराने पाठीवरचे पंप बनवून विकले. वेलींच्या अरुंद ओळींतून गाडी नेण्यापेक्षा माणूस नेणे सोपे होते. हाच पंप पुढे आपल्या कापसाच्या शेतात आला. आधी दांडा हलवून चालवायचा, नंतर बॅटरीवर चालणारा. दांडा गेला, हात मोकळा झाला. पाठ मात्र मोकळी झाली नाही.

आणि हात मोकळा झाल्याचा फायदा कोणाला मिळाला? अनेक ठिकाणी फवारणीची मजुरी पंपामागे ठरते. दांडा हलवून माणूस थकायचा आणि थांबायचा. बॅटरी थकत नाही, म्हणून माणसाने थांबायचे नाही. तो दिवसभर विषाच्या धुक्यात चालत राहतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण रुग्णालयात पडले. सरकारने चौकशी पथक नेमले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. कापूस डोक्याच्या वर वाढला होता, औषधांची मिश्रणे जहाल होती, बारीक तुषार उडवणाऱ्या बॅटरीच्या चिनी पंपांकडेही बोट दाखवले गेले. पण सगळ्यात सोपे उत्तर कोणते दिले गेले? मजुराने मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत! मास्क कोणी द्यायचा होता, हे विचारायला कोणी तयार नव्हते.

यावरून कोणी म्हणेल की यंत्रच वाईट. आंबेडकरी विचार तसे म्हणत नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना यंत्राची बाजू स्पष्टपणे मांडली आहे. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्रामुळे कष्टकऱ्याला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय माणसाला विचार, शिक्षण, संस्कृती मिळत नाही. चरख्याचे गोडवे गाणाऱ्याला हे पटत नाही. दिवसभर ओझे वाहिलेल्या माणसाला ते लगेच पटते. म्हणून यंत्राकडे पाहताना आपला प्रश्न एवढाच असावा की वाचलेले श्रम कोणाच्या खात्यात जमा झाले?

काच धुण्याच्या बाबतीत या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमध्ये सापडते. तिथे खिडक्या धुणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या शिडीवर चढायचा आणि पडायचा. मग लांब काठीतून शुद्ध पाणी वर चढवून जमिनीवरूनच काच धुण्याची पद्धत आली. २००५ मध्ये उंचीवरच्या कामाचे नियम कायद्याने कडक झाले. उंचीवर न चढता काम होत असेल तर चढवू नका, असा त्याचा गाभा. कायद्याने शिडी मागे ढकलली तशी काठी पुढे आली. महागडी यंत्रे ज्यांना परवडली नाहीत त्यांनी टाकी, पंप आणि बॅटरी जोडून घरीच बनवली. तिथला खिडक्या धुणारा बहुतेक स्वतःचा धंदा करणारा असतो. हत्यार त्याचे, वाचलेला वेळही त्याचा.

आपल्याकडे हे यंत्र बनवणे त्याहून सोपे आहे, कारण त्याचा अर्धा भाग कोणत्याही कृषी केंद्रात तयार मिळतो. शेतातल्या बॅटरी पंपात साधारण १६ लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप आणि ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. फवाऱ्याची नळी काढून तिथे लांब लवचिक नळी आणि काठीच्या टोकाला ब्रश लावला की काम झाले. मात्र चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. ज्या पंपात एकदा औषध भरले तो यासाठी कधीच वापरू नये, टाकी नवीच हवी. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवा. काठी फायबरग्लासची घ्यावी, अॅल्युमिनियमची नको, कारण वर विजेच्या तारा असतात. आणि बोअरचे जड पाणी वापरू नये, वाळल्यावर काचेवर पांढरे डाग पडतात. आरओचे पाणी रेझिनच्या गाळणीतून काढून टीडीएस दहाच्या आत आणला की काच न पुसताही स्वच्छ वाळते.

आता हिशेब करा. १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो. बॅटरी अडीच किलोच्या आसपास. टाकी, पंप, पट्टे धरून ओझे २० किलोच्या घरात जाते. मिनिटाला एक लिटर पाणी सोडले तर टाकी सोळा मिनिटांत रिकामी. म्हणजे तासाला तीन-चार वेळा टाकी भरायची आणि पुन्हा २० किलो पाठीवर घ्यायचे, दिवसभर. पंप पाणी वर चढवतो हे खरे, पण पंपाला कोण चढवतो?

वर्धा रोडवरच्या त्या इमारतींच्या पायथ्याशी फरसबंदी असते, वाहनतळ असतो, गुळगुळीत रस्ता असतो. कापसाच्या सरीत चाक फिरत नाही असे एकवेळ म्हणता येईल. फरशीवर ते का फिरू नये? तीच टाकी, तोच पंप, तीच बॅटरी दोन चाकांच्या हातगाडीवर बांधली तर ५० लिटर पाणी एका हाताने ओढता येते. पाठीवरचे यंत्र फक्त जिने, गच्ची, अरुंद बोळ यांच्यापुरते ठेवावे, आणि तेही अर्धी टाकी भरून. यात नवे तंत्र काही लागत नाही, फक्त कामगाराची पाठ फुकट नाही हे मान्य करावे लागते. फुकटच्या पाठीपुढे चाक नेहमीच महाग ठरते.

काही मित्र विचारतील, साफसफाईची कामे सोडा असे बाबासाहेब सांगत होते, मग हत्यारे सुधारण्याची ही चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. जन्माने लादलेले घाणेरडे काम सुधारायचे नसते, सोडायचेच असते. गटारात उतरणाऱ्या माणसाला चांगला मास्क नको, तिथे माणूसच उतरता कामा नये. १९९३ चा कायदा आला, २०१३ चा आला, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली, तरी माणसे मरतातच. तिथे यंत्राने माणसाची जागा पूर्णपणे घेतली पाहिजे. काच धुणे हे मात्र जातीने नेमून दिलेले काम नाही, नवे काम आहे. पण कंत्राटदार या नव्या कामासाठी माणसे कोणत्या वस्तीतून उचलतो, हे आपल्या आसपास विचारून पाहा. नवे काम जुन्या जातीच्या साच्यात ओतले जाण्याआधीच त्याच्या अटी आपण ठरवल्या पाहिजेत. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगितले. ती विभागणी काचेच्या इमारतीतही शिरते.

याच महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. डोक्या-पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालाला त्याने मंडळ दिले, नोंदणी दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला. हमाल संघटित झाले म्हणून हे घडले. काच धुणाऱ्यांनाही तोच रस्ता आहे. महापालिका, मेट्रो, सरकारी रुग्णालये यांच्या साफसफाईच्या निविदांमध्ये हत्यार, ओझ्याची मर्यादा आणि उंचीवरच्या कामाची साधने लिहून घ्यावीत. शिडीवर चढवण्याआधी काठीने काम होते का हे पाहणे बंधनकारक करावे. आयटीआयमध्ये अशी यंत्रे जुळवायला शिकवावे. आणि वस्तीतल्या चार-पाच जणांनी मिळून यंत्र स्वतः बनवावे, स्वतःच्या मालकीचे ठेवावे, थेट कंत्राट घ्यावे.

किसन फागूजी बनसोडे यांनी याच नागपुरात स्वतःचा छापखाना उभारला, कारण दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द छापून येत नाही हे त्यांना ठाऊक होते. ‘विटाळ विध्वंसक’ आणि ‘मजूर पत्रिका’ ही त्यांच्या पत्रांची नावे. एका नावात विटाळ, दुसऱ्यात मजूर. दोन्ही लढाया एकच आहेत हे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कार्यकर्त्याला कळले होते. मोट आपण शिवली, पण पाणी आपले नव्हते. निदान हा पंप तरी आपला असू द्या, आणि तो चाकांवर असू द्या.

जयभीम.