करारावर आलेले शिक्षक : मेइजी जपानचा अनुभव

शिक्षणाचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर विद्यापीठे, ग्रंथ आणि विचारवंत येतात. नोकरीच्या करारातील मुदत, रजा आणि नूतनीकरण ही कलमे आपण कारकुनी मानतो. मेइजी काळातील जपानकडे पाहिले, तर याच कलमांनी एका देशाचे उच्च शिक्षण कसे घडवले हे लक्षात येते.

1868 नंतर जपान सरकारने आधुनिक विद्या शिकवण्यासाठी युरोप-अमेरिकेतून माणसे बोलावली. त्यांना 'ओ-यातोइ गाइकोकुजिन', म्हणजे पगारी नेमलेले परकीय, असे म्हणत. नावातच त्यांचे स्थान स्पष्ट होते. मान होता, पगार मोठा होता, पण नेमणूक मुदतीची होती.

आधी रजेचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स कृषी महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम क्लार्क 1876 मध्ये साप्पोरोला आले, ते आपल्या संस्थेतून वर्षभराची रजा काढून. तिथे ते सुमारे आठ महिने राहिले आणि तेवढ्यात साप्पोरो कृषी महाविद्यालयाची घडी बसवून गेले. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांची गोष्ट याच्या उलट आहे. 1877 मध्ये तोक्यो विद्यापीठाने त्यांना नेमले. पण अमेरिकेत व्याख्याने देण्याचे त्यांनी आधीच कबूल केले होते. म्हणून काही महिन्यांची रजा घेऊन ते मायदेशी गेले आणि 1878 मध्ये परतले. त्यांच्याच शिफारशीवरून भौतिकशास्त्रासाठी थॉमस मेंडेनहॉल आणि तत्त्वज्ञानासाठी अर्नेस्ट फेनोलोसा त्याच वर्षी जपानला आले. एका शिक्षकाला दिलेली रजा विद्यापीठाला दोन शिक्षक मिळवून देऊ शकते, हे ध्यानात घ्या.

आता मुदतीकडे वळू. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तोक्योचे कोबु दाइगाक्को हे महाविद्यालय जरूर अभ्यासावे. 1873 मध्ये त्याचे प्रमुख म्हणून आलेले हेन्री डायर तेव्हा पंचवीस वर्षांचेही नव्हते. त्यांनी सहा वर्षांचा अभ्यासक्रम आखला : दोन वर्षे सामान्य विषय, दोन वर्षे विशेष विषय आणि शेवटची दोन वर्षे प्रत्यक्ष काम. त्यांच्याबरोबर विद्युतशास्त्र शिकवणारे विल्यम एअरटन त्याआधी भारतातील सरकारी तारखात्यात नोकरीला होते. 1879 मध्ये 23 विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बाहेर पडली आणि त्यांपैकी 11 जणांना सरकारने ब्रिटनला पाठवले. ते परतले की परक्या शिक्षकाची जागा घेणार, हे ठरलेलेच होते. वास्तुशास्त्राचे शिक्षक जोसाया कॉन्डर यांच्या जागी 1884 मध्ये त्यांचाच विद्यार्थी तात्सुनो किंगो आला. म्हणजे शिक्षक जितके उत्तम शिकवील, तितकी त्याची गरज लवकर संपेल. जपानच्या दृष्टीने हेच धोरणाचे यश होते.

या यशाची किंमत कोणी मोजली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. लेखक लाफ्काडिओ हर्न 1890 मध्ये मात्सुए येथे महिना 100 येनवर इंग्रजी शिकवू लागले. त्यांनी जपानी स्त्रीशी लग्न केले आणि 1896 मध्ये कोइझुमि याकुमो या नावाने जपानी नागरिकत्व घेतले. त्याच वर्षी तोक्योच्या शाही विद्यापीठात ते महिना 400 येनवर रुजू झाले. 1903 मध्ये विद्यापीठाने करार पुढे चालू ठेवला नाही. विद्यार्थ्यांनी निषेध केला, तरी हर्न यांना जावेच लागले. त्यांच्या जागी आलेल्यांत इंग्लंडहून शिकून आलेले नात्सुमे सोसेकी होते. विद्यापीठाकडून त्यांना वर्षाला 800 येन मिळत. हर्न कागदोपत्री जपानी झाले होते, पण त्यांची जागा मात्र परकीयाची राहिली. दुसऱ्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

तेव्हा विद्यापीठाला दोष द्यायचा का? घाई करू नका. आपल्या लोकांच्या हाती आपले शिक्षण यावे ही इच्छा रास्त होती, आणि तेरा वर्षे जपानमध्ये घालवलेल्या माणसाचे दुःखही खरे होते. दोन्ही बाजू एकत्र धरणे हेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम.

तुमच्यापैकी काही जण उद्या परदेशात शिकवायला जातील. करार हाती आला की पगाराचा आकडा पाहून थांबू नका. मुदत किती, रजा कोणती, ती कोण मंजूर करणार, अटी बदलायच्या झाल्या तर तुमची संमती लागते का आणि नूतनीकरण कोणाच्या हाती, हे वाचा. त्या संस्थेला तुम्ही किती काळ हवे आहात, याचे उत्तर बहुधा तिथेच लिहिलेले असते.