आरसा, झडप आणि प्रतिमेची रेखीवता

शिलालेख किंवा ताम्रपट प्रत्यक्ष न पाहता केवळ छायाचित्रावरून पाठनिर्णय करण्याचा प्रसंग अभ्यासकावर वारंवार येतो. अशा वेळी शिरोरेषेवर अनुस्वाराचा बिंदू आहे की नाही, एवढ्यावरही अर्थ पालटतो. प्रतिमा पुसट असल्यास दोष भिंगाला किंवा छायाचित्रकाराच्या हाताला देण्याची रीत आहे. परंतु कॅमेऱ्याच्या पोटातील हालचाल हे तिसरे कारणही संभवते. त्या कारणाचा इतिहास येथे संक्षेपाने मांडावयाचा आहे.

१८३९ साली दागेरची पद्धती प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रकाश पडू देण्याचा काळ, म्हणजे उद्भासनकाल, मिनिटांत मोजला जाई. भिंगावरील टोपण काढणे व पुन्हा लावणे हीच काय ती झडप होती. त्या दीर्घ काळात क्षणिक धक्क्याचा लेशही उमटत नसे. पुढे शीघ्रग्राही काचा आल्या, उद्भासनकाल सेकंदाच्या अंशावर आला आणि यांत्रिक झडप अपरिहार्य झाली. फिल्मलगत धावणाऱ्या पडद्याच्या झडपेत एक फट प्रतिमेवरून सरकते. अर्थात् चित्राचे निरनिराळे भाग निरनिराळ्या क्षणी घेतले जातात. लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने टिपलेल्या शर्यतीच्या मोटारीचे चाक लंबगोल दिसते, ते यामुळेच. हा मात्र आकाराचा विपर्यास होय. कंपजन्य पुसटपणा त्याहून भिन्न आहे.

त्या कंपाचे मूळ मुख्यतः आरशात आहे. एकभिंगी रिफ्लेक्स कॅमेऱ्याचे पेटंट टॉमस सटन याने १८६१ मध्ये घेतले. ३५ मिलिमीटर फिल्मसाठी ही रचना १९३६ च्या किने एक्झाक्टाने रूढ केली. यात ४५ अंशांत बसविलेला आरसा झडप उघडण्यापूर्वी झटक्याने वर जातो व थांब्यावर आदळतो. १९५४ च्या असाहीफ्लेक्स दोन-बी मध्ये आरसा तत्क्षणी खाली परतण्याची सोय झाली. परतीचा आघात झडप मिटल्यानंतरचा, म्हणून त्या चित्रापुरता निरुपद्रवी. बाधक असतो तो वर जातानाचा आघात. १९५९ च्या निकॉन एफ मध्ये आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची व्यवस्था होती.

हा कंप सर्वच चित्रे सारखी बिघडवीत नाही. १/५०० सेकंदात कॅमेरा फारसा सरकू शकत नाही. दहा सेकंदांच्या उद्भासनात कंप लवकर शमतो व त्याचा वाटा अल्प राहतो. धोका मधल्या पट्ट्यात, साधारणतः १/३० ते १ सेकंद यांदरम्यान, आणि लांब पल्ल्याच्या भिंगाने अधिक. लेण्यातील मंद, तिरकस उजेडात भिंगाचे छिद्र लहान करून लेख टिपताना उद्भासनकाल बहुधा याच पट्ट्यात पडतो. तिवई लावली म्हणजे हा दोष टळतोच असे नाही, कारण आघात कॅमेऱ्याच्या आतूनच येतो.

आरसा ज्या दिशेने फिरतो त्या दिशेतच कंप प्रबळ असतो. कॅमेरा आडवा धरला असता प्रतिमा वर-खाली फासटते. परिणामी आडव्या शिरोरेषा जाड होतात, उभे दंड तुलनेने रेखीव राहतात, आणि शिरोरेषेलगतचा बिंदू तिच्यातच विरून जाऊ शकतो. अशी लक्षणे आढळल्यास त्या चित्रावरून ‘अनुस्वार नाही’ असा निर्णय देणे धाडसाचे ठरेल.

१९६५ च्या कॅनन पेलिक्समध्ये स्थिर, अर्धपारदर्शक आरसा योजून हा कंप टाळला. त्यापायी फिल्मवर पोचणारा प्रकाश घटला. २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी-१ ने आरसाच वगळला, पण झडप राहिली आणि तिच्या पडद्याचा लहानसा धक्काही राहिला. २०२१ च्या निकॉन झेड-९ मध्ये यांत्रिक झडपही नाही. तथापि इलेक्ट्रॉनिक पद्धतीत प्रतिमा ओळीओळीने वाचली जाते. हे वाचन मंद असेल तेथे लार्तिगच्या चाकासारखा विपर्यास पुन्हा उद्भवतो.

सारांश, लेखाचे छायाचित्र प्रसिद्ध करताना उद्भासनकाल आणि आरसा आधी उचलला होता की नाही, याची नोंद ठशाच्या वर्णनाइतकीच आवश्यक मानली पाहिजे. जुन्या चित्रांबाबत ती नोंद उपलब्ध नसेल, तर वादग्रस्त बिंदूचा निर्णय मूळ दगडापाशी जाऊनच करावा.