निर्मात्याची विद्या : मंडळीच्या बिऱ्हाडापासून विद्यापीठापर्यंत

आपल्या रंगभूमीचा इतिहास आपण नाटककारांच्या आणि नटांच्या नावांनी लिहितो. चित्रपटाचा इतिहास दिग्दर्शकांच्या. ते स्वाभाविकही आहे. प्रेक्षकाच्या स्मरणात पद राहते, मुद्रा राहते, प्रसंग राहतो. त्या रात्रीच्या थिएटरचे भाडे कोणी भरले, हे कोणाच्या स्मरणात राहावे? परंतु नाटक लिहिले गेले म्हणजे ते रंगभूमीवर आले असे होत नाही. कोणते नाटक घ्यावे, कोणाच्या हाती द्यावे, पैसा कोठून आणावा, तो कोठे खर्चावा आणि कोठे खर्चू नये, आणि अखेर प्रेक्षकाला कसे बोलवावे, हे सारे ठरविणारा एक मनुष्य लेखक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये उभा असतो. त्यास आपण निर्माता म्हणतो. ही विद्या शिकविता येते काय, आणि विद्यापीठात शिकविता येते काय, ह्या प्रश्नाचा इतिहास पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम शब्दाचाच घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्लंडच्या रंगभूमीवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘प्रोड्यूसर’ म्हणून ज्याचा उल्लेख होई, तो बहुधा आज ज्याला आपण दिग्दर्शक म्हणतो तो असे. अमेरिकेत मात्र तोच शब्द पैसा आणि योजना सांभाळणाऱ्याला लागू झाला, आणि चित्रपटाने तो अर्थ जगभर नेला. त्यामुळे जुन्या अभ्यासक्रमांत ‘प्रॉडक्शन’ हा विषय दिसला, म्हणजे तेथे निर्मात्याचे शिक्षण होत होते असे मानणे बरोबर नाही. तेथे बहुधा तालीम, नेपथ्य आणि प्रकाशयोजना शिकविली जाई. कलेच्या दृष्टीने पाहणारा आणि तरीही हिशेबाची वही ज्याच्या हाती आहे असा निर्माता विद्यापीठात फार उशिरा आला.

आपल्याकडे ह्या विद्येची पहिली शाळा म्हणजे फिरती नाटक मंडळी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि तो आश्रय संपला. भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले आणि १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकिटे लावून प्रयोग केले. आमच्या मते मराठी निर्मात्याचा जन्म १८४३ चा नसून ह्या दहा वर्षांतला आहे. राजाश्रय असताना एका माणसाला संतुष्ट करणे पुरे होते. आता अनोळखी माणसाच्या खिशातील पैसा हाच आश्रय झाला. तो मिळविण्यासाठी मुक्काम ठरविणे, माणसे सांभाळणे, गर्दी आणि पाऊस यांचा अंदाज बांधणे आले. हे शिकविणारा गुरू नव्हता. केलेली चूक आणि झालेले कर्ज हेच गुरू.

पुढील काळात हे गुरू किती कठोर आहेत ते वारंवार दिसले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात झाले आणि संगीत नाटकाचे वैभव सुरू झाले. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्या वैभवाच्या कथा सर्वांस ठाऊक आहेत; तिच्या कर्जाच्या कथाही तितक्याच ठाऊक आहेत. ज्या कलावंताच्या गळ्याने पिढी वेडी केली, त्याच्यावर १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ ह्या बोलपटात काम करण्याची वेळ आली. ह्याचा दोष केवळ बोलपटाला देणे सोपे आहे. परंतु उत्तम वस्त्र, उत्तम साथ आणि उत्तम देखावा यांचा आग्रह धरणारा कलावंत आणि ‘हे परवडणार नाही’ असे सांगणारा निर्माता हे दोघे एकाच देहात वसत असले, म्हणजे दुसऱ्याचा आवाज पहिल्यापुढे क्षीण होतो, हेही तेथे शिकण्यासारखे आहे.

चित्रपटाच्या क्षेत्रात आरंभीच एक विलक्षण उदाहरण आढळते. दादासाहेब फाळके यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात झाले. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत स्थापन झालेल्या ह्या संस्थेत कला आणि उद्योग यांची सांगड घालण्याचा हेतू होता. चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे अनेक हुन्नर हाताशी असलेल्या फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली विलायत गाठली आणि कॅमेरा आणला. आता पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी भांडवल हवे होते. जी कला लोकांनी येथे तयार होताना पाहिलीच नाही, तिच्यावर पैसा कोण लावणार? तेव्हा त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाकडे कॅमेरा रोखला, दिवसानुदिवस थोडे थोडे चित्रण केले, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही क्षणांत बीजाचा वेल होताना दाखविला. तो छोटासा चित्रपट पाहून भांडवल देणारे पुढे आले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

ह्या घटनेकडे पहिल्या चित्रपटाची पूर्वपीठिका म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. आम्हांस ती निर्मितिविद्येचा पहिला धडा वाटते. आज विद्यापीठांतून लघुपट करण्यास सांगतात त्यामागील सारा विचार त्या वाटाण्याच्या वेलीत आहे. थोडक्या खर्चात पुरे होणारे, तरीही करणाऱ्याचे सामर्थ्य पटविणारे असे काहीतरी हाती असावे लागते. केवळ शब्दाने भांडवल येत नाही. पण त्याच फाळक्यांचे पुढे भागीदारांशी पटले नाही. हिंदुस्थान फिल्म कंपनी सोडून ते काशीस जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. भांडवल मिळविणे त्यांना साधले. भांडवलाबरोबर नांदणे साधले नाही. हा दुसरा धडा कलाभवनात कोणी शिकवीत नव्हते, आणि त्या काळी जगात इतरत्रही तो शिकविला जात नव्हता.

ह्याच सुमारास परदेशात नाटक विद्यापीठाच्या उंबरठ्यावर आले होते. हार्वर्डमध्ये प्राध्यापक जॉर्ज पिअर्स बेकर नाट्यलेखन शिकवीत. त्यांच्या वर्गाच्या क्रमांकावरून ‘४७ वर्कशॉप’ हे नाव पडले. तेथे विद्यार्थ्यांची नाटके निमंत्रित प्रेक्षकांपुढे होत आणि प्रत्येक प्रेक्षकाने प्रयोगानंतर आपला अभिप्राय लिहून द्यावा असा दंडक होता. युजीन ओनील हा त्यांचाच विद्यार्थी. प्रेक्षक हाही शिक्षणाचा घटक आहे, ही जाणीव आम्हांस फार मोलाची वाटते. पण नाट्यगृहासाठी बेकर यांनी केलेली विनवणी हार्वर्डने मानली नाही. एडवर्ड हार्कनेस ह्या धनिकाने येल विद्यापीठास दहा लक्ष डॉलर देऊ केले आणि १९२५ साली बेकर तेथे गेले. नाटक शिकविणाऱ्यालाच आधी निर्माता व्हावे लागले! पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने १९१४ सालीच नाट्यकलेची पदवी सुरू केली होती. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने पहिला नाट्यविभाग काढला तो १९४७ साली.

चित्रपटाची पहिली सरकारी शाळा मॉस्कोत १९१९ साली निघाली. त्या दिवसांत तेथे कच्च्या फिल्मचा दुष्काळ होता. लेव्ह कुलेशॉव्हने आपल्या विद्यार्थ्यांकडून फिल्मशिवायच चित्रपट करून घेतले: दृश्ये बसवायची, ओळीने करून दाखवायची, कॅमेऱ्यात मात्र काही नाही. ‘आहे त्यात काय होईल’ हा निर्मात्याचा मूळ प्रश्न तेथे टंचाईनेच शिकविला. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने चित्रपटांच्या अकादमीच्या साहाय्याने १९२९ साली व्याख्यानमाला सुरू केली. व्याख्यात्यांत अर्विंग थॅलबर्गसारखा नामांकित निर्माताही होता. पण त्याच विद्यापीठात निर्मितीचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा राहण्यास आणखी पन्नासेक वर्षे जावी लागली. तो १९७९ च्या सुमारास सुरू झाला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण हे विषय आधी आले आणि निर्माता शेवटी. विद्यापीठाच्या मनात पैशाविषयी एक संकोच असतो. ज्ञानाच्या मंदिरात तिकिटाची खिडकी कशी उघडावी, हा तो संकोच.

स्वातंत्र्योत्तर भारतातही हाच क्रम दिसतो. १९४९ साली नेमलेल्या पाटील समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपटशिक्षणाची संस्था आणि चित्रपटांस कर्ज देणारे महामंडळ, अशा दोन्हींची शिफारस केली. दोन्ही १९६० साली अस्तित्वात आली: संस्था पुण्यात, प्रभातच्याच जागेवर, आणि अर्थपुरवठ्याचे महामंडळ वेगळे. शिकविणारी संस्था एकीकडे आणि पैसा देणारी दुसरीकडे, ही विभागणी कारभाराच्या सोयीची असेल; पण पैसा कसा उभा राहतो हे शिकणाऱ्याला कळण्याचा मार्ग तीत राहिला नाही. दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले. १९६२ पासून १९७७ पर्यंत इब्राहिम अल्काझी यांनी तेथे जी शिस्त घालून दिली तिने देशाला नट आणि दिग्दर्शक दिले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संगीत, नृत्य व नाट्य यांना विद्यापीठीय स्थान मिळाले. चंडीगडला १९७२ साली बलवंत गार्गी यांनी नाट्यविभाग उभारला; पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र निघाले. ह्या सर्व ठिकाणी विद्यार्थी प्रयोग करीत आले, लघुपट करीत आले. पण बहुतेक वेळा खर्च संस्थेचा. मिळालेला पैसा जपून खर्चावा हे विद्यार्थी शिकला; तो मागावा कसा, आणि मागताना कोणती अट मान्य करू नये, हे शिकायचे राहून गेले.

त्यामुळे व्यावसायिक मराठी रंगभूमीचे नामवंत निर्माते विद्यापीठातून आले नाहीत. १९६३ साली ‘नाट्यसंपदा’ काढणारे प्रभाकर पणशीकर नट म्हणून वाढले. ‘चंद्रलेखा’चे मोहन वाघ छायाचित्रकार. दौऱ्याची बस, नटाची ‘नाईट’, जाहिरातीचा मजकूर ही विद्या त्यांनी कामावर उभे राहूनच मिळविली. त्याच १९६३ साली पुण्यात सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेने मात्र महाविद्यालयीन मुलांना एक आगळी शाळा दिली. तेथे विद्यार्थीच संहिता शोधतात, माणसे जमवितात, सामान वाहतात. नाटकात जे एकांकिकेचे स्थान, तेच चित्रपटात लघुपटाचे. दोहोंत पसारा लहान असल्यामुळे एका दृष्टीत संपूर्ण निर्मिती मावते, आणि चूक झाली तर आयुष्यभराचे कर्ज होत नाही.

आता चित्र पालटत आहे. १९९५ साली स्थापन झालेल्या कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मिती हा स्वतंत्र विभाग आहे. पॅरिसच्या ला फेमीस संस्थेतही आहे. परदेशी विद्यापीठांतून तर ‘सर्जनशील निर्मिती’ ह्या नावाने नाटक आणि लघुपट यांचे शिक्षण एकत्र देणाऱ्या पदव्या निघाल्या आहेत. संहितेचे वाचन, लेखकाशी हक्कांचा करार, अंदाजपत्रक, वेळापत्रक, परवाने, प्रसिद्धी हे विषय तेथे असतात आणि अखेरीस एक प्रयोग वा एक लघुपट प्रत्यक्ष उभा करावा लागतो. हे विषय कोरडे वाटतील. पण १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मरणानंतर साठ वर्षे त्याचा हक्क राहतो, किंवा महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, हे ठाऊक नसल्यास पहिली तालीम व्यर्थ जाऊ शकते. आणि लघुपटाला क्षुल्लक समजण्याचे दिवस गेले. २०२४ साली पुण्याच्या संस्थेतील चिदानंद नाईक यांच्या सुमारे १६ मिनिटांच्या लघुपटाला कान महोत्सवात विद्यार्थी विभागाचे पहिले पारितोषिक मिळाले.

तरीही एक शंका उरते आणि ती टाळणे योग्य नव्हे. निर्मिती हा पदवीचा विषय झाला, तर कलेची निवड हिशेबनीस करू लागणार नाहीत काय? ही भीती खोटी नाही. केवळ पैशाचे व्यवस्थापन शिकविणारा अभ्यासक्रम चांगला कारकून देईल, निर्माता देणार नाही. पण इतिहास दुसऱ्या बाजूचीही साक्ष देतो. हिशेब न जाणणाऱ्या कलावंताच्या कलेची निवड अखेरीस सावकार करतो, आणि सावकाराला पदाची गोडी नसते. ज्याला संहिता वाचता येते आणि वहीही वाचता येते, तोच कलावंताला सावकारापासून वाचवू शकतो. विशेषणात ‘सर्जनशील’ हा शब्द आहे तो शोभेसाठी नव्हे. काय परवडत नाही हे सांगण्याइतकेच, काय गमावणे परवडणार नाही हे सांगण्याचा अधिकार त्यात आहे.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळांना हा प्रश्न परका नाही. इंदूर, बडोदे, दिल्ली येथे मराठी नाटक टिकले ते वर्गणी गोळा करणाऱ्या, सभागृहाची तारीख मिळविणाऱ्या, शेवटच्या रांगेत उभे राहून प्रयोग पाहणाऱ्या माणसांमुळे. त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत ‘आभार’ ह्या सदरात येतात. त्यांच्याजवळ जी विद्या आहे ती त्यांच्याबरोबर जाते, आणि पुढची पिढी पुन्हा पहिल्या चुकीपासून आरंभ करते. विद्यापीठाने ही विद्या हाती घेतली तर हा खंड थांबेल. कर्ज हा एकमेव गुरू राहणार नाही. ज्या मंडळाला आपल्या गावातील नाटक वीस वर्षांनंतरही चालावे असे वाटते, त्याने यंदाच्या एखाद्या होतकरू नटाबरोबर एक होतकरू निर्माताही शोधावा, आणि त्याच्या हाती आपली जुनी वही द्यावी.