वादसभेतून गरिबाच्या दारी

इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला एक प्रश्न केव्हा ना केव्हा ऐकावाच लागतो: 'पूर्वजांनी केले ते खरे, पण आज तुम्ही काय करता?' पॅरिसच्या कॅथॉलिक विद्यार्थ्यांना तो त्यांच्या इतिहासमंडळाच्या चर्चेत प्रतिपक्षाने विचारला. आदल्याच वर्षी, १८३२ साली, पटकीने त्या शहरात अठरा हजारांवर माणसे दगावली होती.

प्रश्न झोंबला, परंतु कायद्याचा विद्यार्थी फ्रेदेरिक ओझानाम याने उत्तरादाखल आणखी एक भाषण केले नाही. २३ एप्रिल १८३३ रोजी, वयाची वीस वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, तो व त्याचे सोबती संपादक बायी यांच्या कचेरीत जमले. सेवेचा अनुभव त्यांना नव्हता. मुफ्तार वस्तीत राबणाऱ्या धर्मभगिनी रोझाली रांदू यांनी त्यांना गरजू कुटुंबे दाखविली, पावाच्या व कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या. मदत दुसऱ्याहाती धाडायची नाही, स्वतः जिने चढून जायचे, हा त्यांचा नेम. यातूनच संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था उभी राहिली. आज ती जगभर पसरली आहे.

या नेमाचे खरे फळ आम्हांला दुसरेच वाटते. घरात शिरल्यावर दारिद्र्याबरोबर त्याची कारणेही दिसू लागतात. पुढे १८४० च्या सुमारास ल्यों येथे व्यापारी कायदा शिकविताना ओझानामने मजुराच्या रास्त वेतनाचा प्रश्न मांडला. भाकरी नेऊन देणाराच शेवटी विचारू लागला, ती याला कष्ट करूनही का मिळत नाही?