ठरलेले उत्पन्न नसलेले घर : पंडिता रमाबाई आणि पैशाची चिंता

दौंडहून पुण्याकडे जाणारी पॅसेंजर केडगावला थांबते. (नगरशेजारचे केडगाव वेगळे. हा घोळ नेहमी होतो, म्हणून आधीच सांगते.) आष्टी-कड्याकडची आम्ही मुले शिकायला पुण्यास येतो, तेव्हा हे स्थानक वाटेत लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच गावात उभे राहिले. रमाबाईंचे धर्मांतर आणि स्त्रीशिक्षण यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा धागा त्यांच्या हिशेबाच्या वहीविषयी आहे.

आधी थोडे स्वतःचे. आमच्या बीड जिल्ह्यात पैशाची चिंता ऋतूसारखी येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेऊन कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, ऊसतोडीला निघतो. पाडव्याच्या आसपास परतताना ती उचल फिटलेली असेलच असे नाही. ‘देव बघून घेईल’ हे वाक्य मी अशाच अंगणांत ऐकत वाढले आणि दीर्घकाळ त्याचा मला राग येत असे. रमाबाई वाचल्यावर तो राग गेला असे म्हणणार नाही. पण या वाक्याचे दोन अगदी निराळे अर्थ असू शकतात, हे त्यांच्यामुळे ध्यानात आले. ते दोन्ही अर्थ त्या एकाच आयुष्यात जगल्या.

पहिला अर्थ १८७४ चा. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. सह्याद्रीतील गंगामूळ येथे त्यांचा आश्रम होता. आलेल्या-गेलेल्यांच्या आतिथ्यात होते नव्हते ते संपले आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. त्या वेळी रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. पुढची वर्षे देवळांतून पुराणे सांगायची, श्रोते देतील ते घ्यायचे आणि ते पुन्हा देवधर्मात व ब्राह्मणांना दान देण्यात खर्चायचे, असा क्रम चालला. मुलांना शास्त्रे शिकवली, पण पोटापाण्याचा एकही उद्योग शिकवला नाही. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. दागिने गेले, चांदी गेली, शेवटी स्वयंपाकाची भांडीही विकली गेली. व्रते, अनुष्ठाने, दाने मात्र चालूच होती, कारण देव प्रसन्न होऊन द्रव्य देईल अशी खात्री होती. भीक मागायची लाज आणि मजुरी करायची त्याहून मोठी लाज. रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे की, एका टप्प्यावर अकरा दिवस हे कुटुंब पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर राहिले. वडिलांनी जलसमाधी घेण्याचा विचार केला, तेव्हा भाऊ श्रीनिवास मजुरी करण्यास तयार झाला. पण फार उशीर झाला होता. वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण. राहिली ती दोन भावंडे, आणि तीही देशभर पायी हिंडत.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, केडगावातील रमाबाईंच्या श्रद्धेला अनेक चरित्रकार सरळ ‘भोळी भक्ती’ ठरवून मोकळे होतात. जिने देवावर हवाला ठेवून बसलेले आपले अख्खे घर उपाशी मरताना पाहिले, ती बाई या बाबतीत भोळी राहणे शक्य होते का?

मधली वर्षे भराभर ओलांडू. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा. १८८७ साली बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशनची स्थापना आणि दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे वचन. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास. बोस्टनच्या पैशाला एक अट होती : शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता हवी. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठले आणि १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रानडे-भांडारकरांची तक्रार निराधार नव्हती, असे माझे मत आहे. पण इथे आपल्याला दिसते ते एवढेच की, ज्याची थैली त्याचा शब्द चालतो, हे रमाबाईंना चांगले कळले होते.

दहा वर्षांची मुदत १८९८ ला संपणार होती. मग काय? रमाबाईंनी केलेली तरतूद एखाद्या जाणत्या शेतकऱ्यासारखी होती. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळबाग लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा बेत. त्याच सुमारास जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. ब्रिस्टल येथे म्यूलर यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली, ती दोन नियमांवर : कोणत्याही माणसाकडे पैसा मागायचा नाही आणि कर्ज काढायचे नाही. गरज फक्त देवापुढे मांडायची आणि आलेल्या प्रत्येक पेनीचा हिशेब छापायचा. हिंदुस्थानातही असे देवावर विसंबता येईल का, हा प्रश्न रमाबाईंना पडला.

उत्तराची वेळ बागेच्या आधी आली. झाडे फळावर यायला वर्षे लागतात, दुष्काळ तेवढा थांबत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळाच्या वार्ता मध्य प्रांतातून येऊ लागल्या, तशा रमाबाईंना १८७४ ची आठवण झाली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशे मुली आणण्याचा संकल्प केला. हाताशी असलेला पैसा जेमतेम पन्नास मुलींना पुरणारा. लोक विचारत, खायला काय घालणार? ते मला माहीत नाही, देवाला माहीत आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी लिहून ठेवले आहे. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून मुली केडगावला नेल्या. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या महादुष्काळात, ज्याला गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणतात, तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

शब्द बापाच्या तोंडचेच आहेत, पण भोवतालचे घर पाहा. केडगावात कोणी रिकामे बसत नव्हते. शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. मुली खिळे जुळवत आणि पुढे रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तिथेच त्यांच्या हातून छापले गेले. अनंतशास्त्र्यांच्या घरी श्रद्धा कामाच्या जागी उभी होती. केडगावात काम आधी होते, आणि काम करूनही जे पुरणार नाही, त्याची काळजी तेवढी देवावर सोपवलेली होती. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनाच्या शीर्षकातच ‘न सरणारा ठेवा’ हे शब्द येतात. आपल्यापाशी ठरलेले उत्पन्न नाही, कोणाचे वचन नाही, तरी मन निश्चिंत आहे, हा त्यातला सूर. हिशेब सुटला म्हणून आलेली ही शांती नाही. महिनाअखेरीची शिल्लक पूर्वीइतकीच अनिश्चित होती. मात्र आता कोणत्याही मंडळाची मर्जी राखायची नव्हती.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. हा पैसा आभाळातून पडत नव्हता. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातील श्रद्धाळू माणसे तो पाठवत. ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचे इंग्रजी पत्रक त्यांच्यापर्यंत जाई आणि त्यात संस्थेची हकिकत असे. मागायचे नाही, पण सांगायचे, ही रीत म्यूलर यांचीही होती. मला यात ढोंग दिसत नाही. मात्र ज्याच्या हाती छापखाना आणि साता समुद्रांपार वाचक आहेत, त्याचे ‘देव बघून घेईल’ आणि उचल अंगावर असलेल्या कोयत्याचे ‘देव बघून घेईल’ यांत अंतर आहे, आणि ते अंतर केवळ श्रद्धेच्या खोलीचे नाही.

आणखी एक माणूस इथे आठवतो. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ साली नगरच्या अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. टिळकांना त्या निर्णयाने मोठा मोकळेपणा लाभला. रमाबाईंच्या घरी श्रद्धाही त्यांची आणि जमाखर्चही त्यांचाच. टिळकांच्या घरी श्रद्धा एकाची आणि चूल दुसऱ्याची. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, आणि संसार रेटणाऱ्या लक्ष्मीबाईंना ते फार लवकर कळले होते. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सारे नवऱ्यावरच्या प्रेमासकट आणि हसत हसत आले आहे. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत गेले, साताऱ्याच्या प्रयोगाला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. लक्ष्मीबाईंच्या बाजूने ती दोन वर्षे कशी दिसतात, हा पुढच्या धाग्याचा विषय.