शस्त्रन्यास

नियंत्रित अग्निशस्त्रांची मालकी विश्वस्तांकडे सोपवून त्यांचा लाभ ठराविक हिताधिकाऱ्यांना मिळावा, यासाठी दस्तऐवजाने केलेली व्यवस्था. ही पद्धती मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. तेथील १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र अधिनियमाखाली नोंदवावी लागणारी मशीनगन, आखूड नळीची रायफल इ. शस्त्रे न्यासाच्या नावे असल्यास एकाहून अधिक विश्वस्तांना ती बाळगता येतात; केवळ हिताधिकाऱ्यास तो अधिकार नसतो. न्यासाच्या आडून व्यक्तीची चौकशी टळू नये, म्हणून २०१६ पासून अर्ज करणाऱ्या न्यासातील प्रत्येक जबाबदार व्यक्तीच्या बोटांचे ठसे घेतले जातात.

भारतात मालकीपेक्षा ताब्याला महत्त्व आहे. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ प्रमाणे अज्ञान व्यक्तीही हिताधिकारी होऊ शकते. परंतु शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये एकवीस वर्षांखालील व्यक्तीस सामान्यतः अग्निशस्त्र बाळगता येत नाही व परवान्यावाचून कोणाचाही ताबा वैध ठरत नाही. त्यामुळे न्यासपत्रात किंवा मृत्युपत्रात नाव असणे पुरेसे नसते.

हा प्रश्न ग्रामीण भागात वारसाहक्काच्या रूपाने उद्‌भवतो. पिकांच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे. वऱ्हाडात नांदगाव खंडेश्वरसारख्या कोरडवाहू तालुक्यांत रानडुकरे व रोही यांचा उपद्रव असल्याने तिचे महत्त्व सहज ध्यानात येते. मात्र परवानाधारक मृत्यू पावल्यावर बंदूक घरातच ठेवल्यास तिचा ताबा बेकायदा ठरतो आणि वडिलांची वस्तू जपणारा मुलगा अपराधी ठरण्याचा संभव असतो. विनापरवाना ताब्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने दोन ते पाच वर्षे कारावास अशी वाढविली आहे.

यावर कायद्यातच उपाय आहे. वारसाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे व परवान्यासाठी अर्ज करावा किंवा त्याची विक्री करावी. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो हयात असतानाच त्याने सुचविलेल्या वारसास परवाना देता येतो. वारसाने मिळालेल्या शस्त्रांसह एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. २०१९ पूर्वी ही मर्यादा तीन होती. कुटुंबातील अनेकांचा बंदुकीच्या किंमतीत वाटा असला, तरी ती हाती धरण्याचा अधिकार परवान्यावर नाव असलेल्यासच असतो.