कातड्याची राख : तरवडापासून क्रोमपर्यंत

मोटेच्या काळात परभणी भागातल्या शेतकऱ्याचे कातड्यावाचून चालत नसे. विहिरीवरची मोट, पाण्याची पखाल, आसुडाची वादी, पायातली वहाण, सारे कातड्याचे. ते कमावण्याचे काम ढोर समाजाचे. बाराव्या शतकातले शरण कक्कय्या हे या समाजाचे श्रद्धास्थान. कारागीर चुन्याच्या पाण्यात कातडे भिजवून केस काढत, ते तासत, मग त्याची पिशवी शिवत. तीत बाभळीची किंवा तरवडाची साल आणि हिरडा यांचे पाणी भरून टांगत. सालीतल्या तुरट द्रव्याने कातडे पक्के होई. त्याला कित्येक आठवडे लागत. उरलेली साल नि कातरण जाळली, तर मागे राही ती मुख्यतः चुन्याची आणि क्षारांची राख. ती उकिरड्यावर पडली काय नि शेतात गेली काय, कुणाला भय नव्हते.

१८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेत या पद्धतीचे प्रयोग केले. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आज जगातले बहुतेक कातडे क्रोमचेच असते.

या कातड्यातला क्रोमियम त्रिसंयुजी असतो. तो पाण्यात फारसा विरघळत नाही आणि तुलनेने कमी घातक असतो. कातरण पेटवली की कातड्यातली प्रथिने जळून जातात, पण धातू जळत नाही. वजन घटते आणि उरलेल्या राखेत क्रोमियमचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. भरपूर हवा आणि चुना किंवा लाकडाच्या राखेतला क्षार यांची साथ मिळाली, तर त्याचा काही भाग षट्‌संयुजी होतो. हे क्रोमेट पिवळे असते, पाण्यात सहज उतरते आणि कर्करोगाला कारण ठरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्येच त्याची पहिल्या गटात नोंद केली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या लिटरभर पाण्यात एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये.

हवा मोजून देणाऱ्या बंद भट्टीत हा बदल बराच रोखता येतो. उघड्यावरच्या शेकोटीत हवेवर कुणाचाच ताबा नसतो. अग्नीने सारे शुद्ध होते आणि राख शेताला चालते, हा आपला जुना अनुभव सालीने कमावलेल्या कातड्याच्या काळातला आहे. क्रोमच्या कातरणीला तो लावला, तर राखेबरोबर विषही विहिरीच्या वाटेला लागते.